कॉलेजच्या अभ्यासासाठी मोफत ऑनलाइन साधने : काय खरोखर मोफत आहे आणि कशाला पैसे लागतात

कॉलेजचा खर्च म्हटला की आपल्या घरांत आधी फीचा विचार होतो. फीसाठी शिष्यवृत्ती आहे, उशिरा का होईना ती येते. पण संदर्भग्रंथ, नेट-सेटचा क्लास, संशोधनाची नियतकालिके, सॉफ्टवेअर यांवरचा खर्च कुठेच धरलेला नसतो. घरातून पहिल्यांदाच कॉलेजात गेलेली मुले नेमकी इथे मागे पडतात. यातील बराच मोठा भाग आज मोफत मिळतो, आणि तो सार्वजनिक पैशातून, म्हणजे आपल्याच करातून उभा राहिलेला आहे. मात्र शिकणे मोफत असले तरी त्या शिकण्याची नोंद गुणपत्रिकेवर व्हायची असेल, तर काही कामे वेळेवर करावी लागतात. ती राहिली की सहा महिन्यांचा अभ्यास कागदावर शून्य ठरतो. म्हणून या लेखात साधनांच्या नावांबरोबरच त्यांतली पैशाची आणि मुदतीची बाजूही दिली आहे. सर्व नावे गुगलवर मराठीत टाकली तरी सापडतात.

स्वयम् आणि एनपीटेल

केंद्र शासनाचे 'स्वयम्' ९ जुलै २०१७ रोजी सुरू झाले. पदवी आणि पदव्युत्तर पातळीवरचे कला, वाणिज्य, विज्ञान, कायदा, व्यवस्थापन, अभियांत्रिकी असे सगळे विषय त्यावर आहेत. अभियांत्रिकी आणि विज्ञानाचा मोठा भाग 'एनपीटेल' सांभाळते. आयआयटी आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने हा उपक्रम २००३ मध्ये, म्हणजे स्वयम् येण्याच्या कितीतरी आधी, सुरू केला होता. मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रांचे चांगले अभ्यासक्रमही एनपीटेलवर आहेत, हे आपल्या बी.ए.च्या मुलांना सहसा कुणी सांगत नाही.

नाव नोंदवणे, व्याख्याने पाहणे, टिपणे उतरवून घेणे, दर आठवड्याचे स्वाध्याय सोडवणे या सगळ्याला एक रुपयाही लागत नाही. पैसे लागतात ते शेवटच्या परीक्षेला. ही परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी लागते आणि ती दिली तरच प्रमाणपत्र मिळते. एनपीटेलचे शुल्क गेली काही वर्षे एका विषयाला १००० रुपये राहिले आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना त्यात सवलत मिळते, पण त्यासाठी दाखला अपलोड करावा लागतो.

इथे आपल्या मुलांची हमखास अडचण होते. बौद्ध धर्म स्वीकारलेल्यांना १९९० च्या दुरुस्तीने केंद्रातही अनुसूचित जातीचे संरक्षण मिळाले. तरी राज्याच्या नमुन्यातला दाखला आणि केंद्राच्या नमुन्यातला दाखला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. केंद्राच्या परीक्षांसाठी केंद्राच्या नमुन्यातला दाखला आधीच काढून, स्कॅन करून मोबाईलमध्ये ठेवा. तो पुढे नेट, यूपीएससी, बँक भरती सगळीकडे लागतो. फॉर्मची शेवटची तारीख उद्यावर आल्यावर सेतू केंद्राच्या रांगेत उभे राहून उपयोग नसतो.

गुणांचा हिशेब सोपा आहे. एनपीटेलमध्ये स्वाध्यायांना २५ आणि परीक्षेला ७५ गुण असतात. उत्तीर्ण होण्यासाठी स्वाध्यायांत किमान १० आणि परीक्षेत किमान ३० लागतात. बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात सर्वांत चांगले आठ स्वाध्याय धरले जातात, म्हणजे परीक्षेच्या दिवसांत किंवा आजारपणात चार बुडाले तरी चालते. पण पहिल्या महिन्यात काहीच न सोडवता नंतर भरून काढू असे म्हणाल तर जमत नाही, कारण प्रत्येक स्वाध्यायाची मुदत त्या त्या आठवड्यातच संपते.

आता श्रेयांकांचे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या नियमांनुसार एका सत्रातल्या २० टक्क्यांपर्यंतचे श्रेयांक स्वयम्‌वरून घेता येत होते. २०२१ मध्ये ही मर्यादा ४० टक्क्यांवर नेली. ऐकायला छान वाटते, पण ते आपोआप घडत नाही. तुमच्या विद्यापीठाने किंवा स्वायत्त कॉलेजने तो विशिष्ट अभ्यासक्रम मान्य केलेला असावा लागतो. त्यामुळे नाव नोंदवण्याच्या आधी विभागप्रमुखांकडे किंवा कॉलेजच्या स्वयम् समन्वयकांकडे जा आणि हा अभ्यासक्रम मान्य यादीत आहे का, त्याचे किती श्रेयांक धरणार, तो कोणत्या पेपरच्या जागी बसणार, हे विचारून लेखी घ्या. ईमेलचे उत्तर आले तरी पुरे. एनपीटेलच्या आठ आठवड्यांच्या अभ्यासक्रमाला साधारणपणे २ आणि बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमाला ३ श्रेयांक धरतात, पण अंतिम शब्द तुमच्या विद्यापीठाचा असतो. डिजिलॉकरमधून शैक्षणिक श्रेयांक बँकेचे, म्हणजे एबीसीचे, खातेही उघडून ठेवा. कॉलेजमध्ये समन्वयकच नेमलेला नसेल तर विद्यार्थ्यांनी मिळून प्राचार्यांना अर्ज द्यावा. हा संघटनांनी हातात घेण्यासारखा विषय आहे, आणि त्यासाठी मोर्चा काढावा लागत नाही.

श्रेयांक नकोत, फक्त विषय समजून घ्यायचा आहे, असे असेल तर वरचे काहीच लागत नाही. जुन्या सत्रांची व्याख्याने यूट्यूबवर खुली आहेत. बहुतेक व्याख्याने इंग्रजीत असल्याने मराठी माध्यमातून आलेल्या मुलांची पहिल्या आठवड्यातच दमछाक होते. वेग कमी करून ऐका, खाली इंग्रजी अक्षरे चालू ठेवा, आणि एकाच व्याख्यानातले अडलेले शब्द वहीत लिहीत जा. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात कान सरावतो. एनपीटेलने काही अभ्यासक्रमांची मराठी भाषांतरेही केली आहेत, आपल्या विषयाचे आहे का ते तपासून पाहा.

मराठीतून वाचायचे असेल तर

नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची पुस्तके शिक्षकाविना घरी बसून वाचता यावीत अशाच बेताने लिहिलेली असतात. नियमित कॉलेजात शिकणाऱ्यांनाही ती उपयोगी पडतात. इग्नूचे 'ई-ज्ञानकोश' हे भांडार इंग्रजी-हिंदीत आहे, पण समाजशास्त्र, राज्यशास्त्र, इतिहास, लोकप्रशासन या विषयांत पदव्युत्तर प्रवेशासाठी आणि स्पर्धा परीक्षेसाठी त्याच्या तोडीचे मोफत साहित्य मिळणे कठीण. त्यातली घटकांची पुस्तिका-पुस्तिका रचना असल्याने हवा तेवढाच भाग उतरवून घेता येतो. एम.ए., एम.एस्सी. करणाऱ्यांनी आयोगाची 'ई-पीजी पाठशाला'ही पाहावी. तिथे प्रत्येक घटकाचा मजकूर, व्हिडिओ आणि स्वयंचाचणी एकत्र असते.

मराठी विश्वकोशाचे वीस खंड संकेतस्थळावर पूर्ण खुले आहेत. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली हे काम सुरू झाले. कोणत्याही विषयाची पहिली ओळख करून घेताना विकिपीडियाच्या आधी विश्वकोश उघडा, एवढेच सुचवेन. काही नोंदी जुन्या झाल्या आहेत, आकडे तर नक्कीच, पण संकल्पना नेमक्या मराठीत समजतात आणि उत्तरपत्रिकेत वापरायला परिभाषा मिळते. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळानेही आपली अनेक पुस्तके मोफत खुली केली आहेत. अभियांत्रिकी आणि पदविकेच्या मुलांसाठी तंत्रशिक्षण परिषदेच्या 'ई-कुंभ' संकेतस्थळावर भारतीय भाषांतील पाठ्यपुस्तके आहेत, त्यांत मराठीही आहे.

शोधगंगा आणि संशोधनाची नियतकालिके

पीएच.डी. करणाऱ्यांना 'शोधगंगा' माहीत असते, पण बी.ए.-एम.ए.च्या मुलांना नसते. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या या भांडारात देशभरातल्या विद्यापीठांचे लाखो शोधप्रबंध पूर्ण स्वरूपात वाचता येतात. त्यांत मराठीत लिहिलेलेही पुष्कळ आहेत. दलित साहित्य, आंबेडकरी जलसे, मराठवाडा विद्यापीठ नामांतर, बौद्ध लेणी, भूमिहीनांचे प्रश्न, अशा विषयांवर बाजारात पुस्तक नसले तरी प्रबंध असण्याची शक्यता असते. शोध घेताना शब्द देवनागरीत एकदा आणि रोमन लिपीत एकदा टाका, कारण नोंदी दोन्ही प्रकारांनी झालेल्या आहेत. प्रबंध छापील शब्द म्हणून खरा मानू नका, त्यांत कच्चे कामही भरपूर आहे. खरा लाभ शेवटच्या संदर्भसूचीत असतो. दुसऱ्याने चार वर्षे खपून जमवलेली पुस्तकांची यादी तुम्हाला पाच मिनिटांत मिळते.

उतारे मात्र उचलू नका. आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार प्रबंधात १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. १० ते ४० टक्के असेल तर प्रबंध सुधारून पुन्हा द्यावा लागतो, ४० ते ६० टक्क्यांना एक वर्ष सादर करता येत नाही आणि ६० टक्क्यांच्या वर नोंदणीच रद्द होते. फेलोशिपवर चार-पाच वर्षे काढलेल्या विद्यार्थ्याला हे परवडणारे नाही.

नियतकालिकांच्या बाबतीत चित्र नुकतेच बदलले आहे. 'एक देश, एक सदस्यता' ही योजना केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६००० कोटी रुपये आणि ३० प्रकाशकांची सुमारे १३००० नियतकालिके असा तिचा आवाका आहे. केंद्र आणि राज्य शासनाच्या उच्च शिक्षण संस्थांतील विद्यार्थी-शिक्षकांना ती वाचता येतात. परदेशी नियतकालिकातल्या एकेका लेखाला दोन-तीन हजार रुपये मोजावे लागत, त्या जागी हे मोठे दार उघडले आहे. पण ते सर्वांसाठी उघडलेले नाही. योजना शासकीय संस्थांपुरती मंजूर झाली, आणि आपली कितीतरी मुले खासगी विनाअनुदानित कॉलेजांत शिकतात. सार्वजनिक पैशाने घेतलेले ज्ञान संस्थेच्या मालकीवरून कुणाला द्यायचे हे ठरते, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. तुमचे कॉलेज योजनेत आहे का आणि घरून लॉगिन कसे करायचे, हे ग्रंथपालांना विचारा. इन्फ्लिबनेटच्याच 'एन-लिस्ट' योजनेत कॉलेज असेल तर तिथली ओळख आणि पासवर्डही ग्रंथपालच देतात. अनेक कॉलेजांत ही सदस्यता घेतलेली असते आणि विद्यार्थ्यांपैकी कुणाला पत्ताही नसतो.

ज्यांना यांपैकी काहीच मिळत नाही त्यांनी 'डीओएजे' ही खुल्या नियतकालिकांची सूची वापरावी. हवा असलेला लेख कुलुपात असेल तर लेखकाला दोन ओळींचा ईमेल पाठवून प्रत मागावी. बहुतेक प्राध्यापक आनंदाने पाठवतात, त्यात संकोच करण्यासारखे काही नाही. आयआयटी खरगपूरने उभारलेले 'राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय' हेही नोंदणी करून मोफत वापरता येते. निरनिराळ्या संस्थांची भांडारे त्यात एकाच जागी शोधता येतात.

बाबासाहेब वाचण्यासाठी

महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून वसंत मून यांच्या संपादनाखाली बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड काढायला सुरुवात केली. छापील खंड मिळवणे हा आपल्या वाचकांचा जुना वनवास आहे. छपाई रखडल्याच्या बातमीची दखल २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून घेतली होती, यावरून काय ते समजावे. इंग्रजी खंडांच्या पीडीएफ मात्र परराष्ट्र मंत्रालयाच्या आणि डॉ. आंबेडकर प्रतिष्ठानच्या संकेतस्थळांवर मोफत आहेत. प्रतिष्ठानचे हिंदी खंडही तिथे आहेत.

हे खंड जयंतीच्या भाषणापुरते नाहीत, ते अभ्यासक्रमाचे साहित्य आहे. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने सहावा खंड उघडावा, त्यात रुपयाच्या प्रश्नावरचा १९२३ चा ग्रंथ आणि प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा १९२५ चा ग्रंथ आहे. समाजशास्त्राला पहिला खंड हवा, कृषी अर्थशास्त्राला त्याच खंडातला लहान शेतजमिनींवरचा १९१८ चा निबंध. पालीचे व्याकरण आणि शब्दकोश सोळाव्या खंडात आहे. कोलंबिया विद्यापीठाच्या संकेतस्थळावर प्रा. फ्रान्सिस प्रिचेट यांनी तयार केलेली जातिनिर्मूलनावरच्या भाषणाची टिपांसह आवृत्ती आहे. वर्गात शिकवायला ती फार सोयीची आहे, आणि 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'ची अभ्यास-आवृत्तीही तिथेच आहे.

कायद्याच्या विद्यार्थ्यांसाठी दोन नावे. संविधान सभेतील चर्चा 'कॉन्स्टिट्यूशन ऑफ इंडिया डॉट नेट' या संकेतस्थळावर परिच्छेदवार शोधता येते. एखाद्या कलमावर कोण काय बोलले हे मूळ शब्दांत वाचता येते, त्यामुळे व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या खोट्या अवतरणांची झाडाझडती घ्यायलाही ते उपयोगी आहे. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल 'ई-एससीआर'वर २०२३ पासून मोफत आहेत, काहींची मराठी भाषांतरेही.

पाली आणि तिपिटक

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीबरोबर पालीलाही अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. नेट परीक्षेत पाली हा स्वतंत्र विषय आहे. तरी तालुक्याच्या ठिकाणी पाली शिकवणारे मिळत नाहीत, तिथे ऑनलाइन साधनांवाचून इलाज नाही. इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने सहाव्या संगीतीचे संपूर्ण पाली तिपिटक 'तिपिटक डॉट ऑर्ग'वर ठेवले आहे आणि ते देवनागरीत वाचता येते. ही मराठी वाचकाला मोठीच सोय आहे. 'सुत्तसेंट्रल'वर मूळ पाली आणि इंग्रजी भाषांतर ओळीला ओळ लावून दिसते. भिक्खू सुजातो यांनी तिथली आपली इंग्रजी भाषांतरे सर्व हक्क सोडून खुली केली आहेत, म्हणजे त्यांवरून मराठी भाषांतर करून छापायला कुणाची परवानगी लागत नाही. मराठीत हे काम किती पडून आहे, ते पालीच्या विद्यार्थ्यांना सांगायला नको. शब्द अडला तर 'डिजिटल पाली डिक्शनरी' मोबाईलमध्ये इंटरनेटशिवाय चालते. धर्मानंद कोसंबी यांचे निधन १९४७ मध्ये झाले. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हा आपल्याकडचा हक्काचा काळ असल्याने त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन आता सर्वांचे आहे.

विज्ञान, संगणक आणि परदेशी विद्यापीठे

प्रयोगशाळा नुसती नावाला असलेल्या कॉलेजांतील मुलांनी 'व्हर्च्युअल लॅब्ज' पाहावी. प्रत्यक्ष प्रयोगाची जागा ती घेत नाही, पण तोंडी परीक्षेआधी प्रयोग समजून घ्यायला पुरते. कोलोरॅडो विद्यापीठाची 'फेट' सिम्युलेशने भौतिक-रसायनासाठी आहेत आणि त्यांतली बरीच मराठीत आहेत. संगणकासाठी मी आधी आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल'चे नाव घेईन. लिब्रे ऑफिस, पायथन, सी, लिनक्स असे विषय साधारण दहा मिनिटांच्या तुकड्यांत आहेत आणि अनेकांचा आवाज मराठीत आहे. ज्या मुलीने कॉलेजात येईपर्यंत माऊस हातात धरला नव्हता तिलाही ते एकटीने जमते.

एमआयटीचे 'ओपन कोर्सवेअर' आणि राइस विद्यापीठाची 'ओपनस्टॅक्स' पाठ्यपुस्तके पूर्ण मोफत आहेत, पण तिथे प्रमाणपत्र नसते. कोर्सेरा, एडएक्स यांवर 'मोफत' या शब्दाची नीट पारख करावी. काही अभ्यासक्रम नुसते पाहायला खुले असतात, काहींत पहिले सात दिवस मोफत आणि मग कार्डावरून पैसे कापले जातात. कोर्सेराकडे आर्थिक मदतीसाठी अर्ज करता येतो, तो आधी करून पाहा. कार्डाचा नंबर देऊन 'नंतर रद्द करू' या भरवशावर राहू नका. आणि 'सरकारमान्य कोर्स मोफत, फक्त प्रमाणपत्राची फी भरा' असे संदेश व्हॉट्सअॅपवर आले तर ते पुढे पाठवू नका. स्वयम्‌चे पैसे अधिकृत संकेतस्थळावर लॉगिन करूनच भरले जातात.

प्राध्यापकांसाठी

ओपनस्टॅक्सची बहुतेक पुस्तके मूळ लेखकाचा उल्लेख ठेवून भाषांतरित करता येतात, बदलता येतात. एमआयटीचे साहित्यही विनाव्यापारी वापरासाठी तसेच आहे. एका विभागातल्या चार प्राध्यापकांनी वर्षाला दोन प्रकरणे मराठीत आणली तरी तीन वर्षांत त्या विषयाचे पुस्तक उभे राहते. पुस्तकातले उतारे वर्गासाठी झेरॉक्स करण्याबाबत दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये शिक्षणाच्या बाजूने निकाल दिला. पण अख्खे पुस्तक स्कॅन करून टेलिग्रामवर टाकणे त्यात बसत नाही. पदोन्नतीसाठी लागणारे काही प्रशिक्षण स्वयम्‌वरून आणि मालवीय मिशनच्या केंद्रांतून ऑनलाइन पूर्ण करता येते. संदर्भांची नोंद ठेवायला 'झोटेरो' मोफत आहे, ते विद्यार्थ्यांना पहिल्याच वर्षी शिकवा.

डेटा संपतो तेव्हा

घरात एक मोबाईल आणि तीन शिकणारी मुले, ही अनेक वस्त्यांतली स्थिती आहे. व्हिडिओ उतरवून घ्यायचे काम कॉलेजच्या किंवा रेल्वे स्थानकाच्या वायफायवर करावे. स्थानकावर रोज पहिला अर्धा तास मोफत असतो. मजकूर आणि पीडीएफला डेटा फार कमी लागतो, म्हणून जिथे व्याख्यानाचे लेखी रूप मिळते तिथे तेच घ्या. 'स्वयम् प्रभा' ही तर दूरचित्रवाणी आहे. २०१७ मध्ये ३२ वाहिन्यांनी सुरू झालेली ही सेवा डीडी फ्री डिशच्या छत्रीवर दिसते, तिला इंटरनेटही नको आणि महिन्याचे पैसेही नकोत. रोजचा नवा कार्यक्रम दिवसभरात पुन्हा पुन्हा दाखवतात, त्यामुळे कामावरून आल्यावरही पाहता येतो.

विहारात टीव्ही असेल तर त्याला फ्री डिश जोडायला एकदाच खर्च येतो. तिथेच एक वही ठेवावी : कुणी कोणत्या अभ्यासक्रमाला नाव नोंदवले, परीक्षेच्या फॉर्मची शेवटची तारीख कोणती, दाखला निघाला की नाही. स्वयम्‌ची सत्रे जानेवारी आणि जुलैमध्ये सुरू होतात, म्हणून ही वही डिसेंबरच्या आणि जूनच्या पहिल्या रविवारच्या वंदनेनंतर उघडली तर बेतात बसते.